बिघाडाची तालीम आधीच व्हावी

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे हा कावेरीकाठच्या मराठी वास्तव्याचा मोठा पुरावा असून दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) या ग्रंथालयात मोठी भर घातली. अशा कागदांच्या चित्रप्रती काढताना कॅमेऱ्याइतकाच विचार त्या प्रती ठेवण्याच्या साठ्याचा व्हायला हवा. कुंभकोणमनजीकच्या चोळपुरम्सारख्या गावी, जेथे ईशान्य मोसमी पावसात हवा दमट असते आणि बदली डिस्क बाहेरून मागवावी लागते, तेथे तर तो टाळता येत नाही.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कले येथून मांडलेली रेड ही पद्धत अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांचा एकच साठा करते. रेड ६ या प्रकारात दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरील माहिती गणिताने पुन्हा काढता यावी म्हणून, राखली जाते. त्यामुळे ८ टेराबाइटच्या ८ डिस्कमधून ४८ टेराबाइट हाती उरतात. निकामी डिस्कच्या जागी बसवलेली नवी डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरली तरी सुमारे १५ तास जातात आणि तेवढ्या वेळात उरलेल्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जात असल्याने दुसरा दोष उघडा पडू शकतो. एकाच डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देणारी रेड ५ म्हणूनच येथे अपुरी ठरते.

डिस्कची बाह्य पेटी लिनक्स सर्व्हरला जोडून एमडीएडीएम या साधनाने संच बांधल्यावर त्याची नोंद यूयूआयडी या कायम ओळखक्रमांकाने करावी, कारण डिस्कना मिळणारी एसडीबी, एसडीसी ही नावे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. आधी पेटी आणि मग सर्व्हर सुरू करावा, दोन्हींना यूपीएस असावा, दरमहा संपूर्ण संचाची पडताळणी व्हावी आणि बिघाडाची सूचना जबाबदार माणसाच्या ईमेलवर जावी.

एवढे करूनही रेड म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल संपूर्ण संचातूनच जाते. दुसरी प्रत वेगळ्या गावी ठेवून चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळा-अंकाने, ती वेळोवेळी ताडून पाहणे अनिवार्य आहे. अभिलेखागारांच्या तंत्रज्ञांनी पहिले हस्तलिखित साठ्यात चढवण्यापूर्वी एक डिस्क मुद्दाम काढून, नवी बसवून, संच पूर्ववत होईपर्यंतची प्रत्येक पायरी लिहून ठेवावी. तसे टिपण तयार असेल, तरच प्रत्यक्ष बिघाडाच्या दिवशी हजर असलेला कोणताही कर्मचारी चुकीची डिस्क न उपसता संच सावरू शकेल.