अंक बरोबर, सूर घोगरा

हौशी रेडिओचा नाद लागलेल्या विद्यार्थ्यांत अलीकडे एक समजूत रूढ होऊं लागली आहे: आंदोलक एकदां उपग्रहाच्या घड्याळाशीं जखडला, कीं काम संपलें. मला ती अपुरी वाटते. कां, तें गेल्या हिवाळ्यांत आमच्या गच्चीवर घडलेल्या प्रकारावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

नोव्हेंबर 2018 मध्यें अंतराळांत गेलेल्या कतारच्या एस्हेल-2 या उपग्रहावर हौशी मंडळींसाठीं स्वतंत्र सोय आहे. महाराष्ट्रांतून पश्चिमेच्या रोखानें थाळी लावली असतां त्याचे संदेश 10,489.5 मेगाहर्ट्झच्या किंचित् वर ऐकूं येतात. टेलिव्हिजनच्या थाळीवर बसणारा एलएनबी या कामास पुरतो. पुष्कळशा एलएनबींत 25 मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक असतो. त्याची कंपनसंख्या 390 पट करून 9,750 मेगाहर्ट्झ मिळवितात आणि येणाऱ्या लहरींतून ती वजा करून उरलेली सुमारें 740 मेगाहर्ट्झची लहर खालीं ग्राहकयंत्राकडे धाडतात. आतां ऊन लागून स्फटिक दशलक्षांत एका भागानें जरी सरकला, तरी या गुणाकारामुळें 9,750 हर्ट्झचा फरक पडतो. एका माणसाच्या बोलण्यास तीन हजार हर्ट्झही लागत नाहींत. तेव्हां ऐकतां ऐकतां बोलणारा नाहींसा होतो.

यावर उपाय कला-बद्ध आंदोलकाचा. फ्रान्सचे आंरी द बेलसीझ यांनीं अशा मंडलाचें वर्णन 1932 सालीं प्रसिद्ध केलें. दोन लहरींच्या कला ताडून पाहावयाच्या, फरक पडेल त्याचा विद्युद्दाब करावयाचा, तो गाळणींतून संथ करून आंदोलकास द्यावयाचा, आणि आंदोलक मूळ लहरीच्या पावलावर पाऊल टाकील असें पाहावयाचें. तंबोऱ्याकडे कान ठेवून तबला मिळविणारा दुसरें काय करतो? पण तंबोराच खरखरत असला तर?

आमच्या एका विद्यार्थ्यानें जीपीएस ग्राहकांतून थेट निघणारी 10 मेगाहर्ट्झची लहर घेतली व तिच्यावरून 25 मेगाहर्ट्झ बनविले. मापकावर एकही अंक चुकीचा नव्हता. परंतु उपग्रहावरील मोर्सचा सूर, जो बांसरीसारखा यावयाचा, तो घोगरा येई. कारण असें, कीं हा ग्राहक आपल्या घड्याळाचे ठोके मोजून ती लहर काढतो, आणि भागाकार नेमका बसेना कीं मधूनच एखादें आवर्तन लांब वा आंखूड करतो. सरासरी अचूक, पाऊल मात्र अडखळतें. 390 पट गुणाकारांत हा कलेचा दोष सुमारें बावन्न डेसिबेलनीं वाढतो. मापक सेकंदभराची सरासरी घेतो. त्याला तो दिसतच नाहीं!

आम्हीं मध्यें एक चांगला स्फटिक-आंदोलक घातला आणि त्याला त्या लहरीशीं अतिशय संथ गाळणीनें बांधलें. आतां क्षणाक्षणाची स्वच्छता स्फटिकाची, महिन्यामहिन्यांचा खरेपणा उपग्रहाचा. गाळणी किती संथ असावी हाच यांतील खरा प्रश्न. ती उतावळी झाली तर जीपीएसचे हेलकावे स्फटिकांत शिरतात. फार सुस्तावली तर उष्णतेनें सरकणारा स्फटिक आवरत नाहीं. आम्हांला तीन रविवार लागले. सूर निवळला, मापकावरील अंक होते तेच राहिले.

म्हणून माझें मत असें, कीं शाळेच्या रेडिओ-मंडळानें पैसा आधीं उत्तम स्फटिकावर घालावा, जीपीएसवर मागाहून. तयार डबे मिळतात. त्यांच्याशीं माझें वैर नाहीं. पण विकत घेतांना त्यांच्या अचूकतेबरोबरच कलेच्या स्वच्छतेचे आंकडे मागावेत, आणि तेही न मिळाल्यास एखादा मोर्सचा सूर लावून स्वतः ऐकावें. लॉकचा हिरवा दिवा घोगऱ्या सुराच्या वेळींही लागलेलाच होता.

तें पहिलें मंडल आम्हीं मोडलेलें नाहीं. नव्या मुलांना दोन्ही सूर एकापाठोपाठ ऐकवितां यावेत म्हणून तें प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेवलें आहे.