पायाशी शेगडी

मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छताखालच्या सेवा केंद्रात किंवा तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या ऑपरेटरच्या पायाशी तेव्हा आणखी एक शेगडी सुरू असते, ती संगणकाची. हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. १०० वॅट घेणारे यंत्र दहा तासांत एक युनिट खाते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून निघते साधारण तेवढी उष्णता सतत सोडत राहते. छोट्या खोलीत अशी चार यंत्रे म्हणजे न दिसणारी चार माणसे दाटीने बसलेली!

याचा भार वीजबिलापेक्षा शरीरावर अधिक. घाम जातो, पण समोरच्या रांगेमुळे पाणी प्यायला फुरसत नसते. जवळ स्वच्छतागृह नसेल तर मुली मुद्दामच कमी पाणी पितात. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी, पुढे मुतखडा. त्यात पंख्याची घरघर. चिप तापली की पंखा जोरात फिरतो. त्या आवाजाने कान जात नाहीत, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गखोलीसाठी ३५ आणि झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. धुळीने भरलेला जुना डबा ती सहज ओलांडतो, आणि अनेक घरांत तो आजी झोपते त्याच खोलीत असतो.

सुरुवात धुळीपासून करावी. कापसाच्या हंगामात तिच्यात तंतूही मिसळतात आणि हीट सिंकवर गादीसारखा थर बसतो. प्लग काढून, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने तो काढावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात झटका बसेल इतका विद्युतभार राहू शकतो. कूलरचा ओला झोत थेट डब्यावर सोडणे किंवा झाकण काढून टेबलफॅन लावणे, हे आपल्याकडचे आवडते उपाय धूळ आणि गंज वाढवतात.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो वेग बंद होतो. अर्ज भरताना फरक जाणवत नाही, पंखा मात्र शांत होतो. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. जेवणाच्या सुट्टीत स्लीप लावावे, तेव्हा यंत्र जेमतेम काही वॅट घेते.

सातबारा आणि दाखले काढायला गेमिंगचे यंत्र लागत नाही. १०-३० वॅटचा छोटा संगणक पुरतो. सरकारी खरेदीत मात्र बहुधा सर्वांत कमी दरालाच महत्त्व दिले जाते. पुढच्या निविदेत ‘यंत्र किती वॅट घेते’ हा एक रकाना वाढवायला जिल्हा प्रशासनाला वेगळा निधी लागणार नाही.