आळस कुठल्या चित्राने करावा?

"पान जड झालंय? सगळ्या चित्रांना लेझी लोडिंग लावून टाक." आमच्या धंद्यात हा सल्ला सर्दीला सुंठ सांगावी तितक्या सहज दिला जातो. सुंठीने निदान अपाय तरी होत नाही. या औषधाने होतो, आणि तो कुणाला होतो हे औषध देणाऱ्याला दिसत नाही. आजचा लेख त्याबद्दल.

धंद्याबाहेरच्या मंडळींसाठी आधी दोन ओळी. पानावर चाळीस चित्रं आहेत, पण पडद्यावर एका वेळी दोनच दिसतात. मग बाकीची अडतीस आधीच का आणायची? वाचक खाली सरकू लागला की आणू. पंगतीत जिलबीचं ताट आधीच रितं करत नाहीत, खाणारा तिथवर पोचला की वाढतात, तसंच हे. कल्पना शंभर टक्के बरोबर आहे. "आळशी" हे नाव मात्र तिच्यावर अन्याय करणारं आहे, कारण हा आळस नसून काटकसर आहे. असो.

पूर्वी ही काटकसर करायला खटपट लागायची. २००७ साली मिका टूपोलाचं जेक्वेरीचं प्लगिन आलं. त्या पद्धतीच्या प्लगिनांमध्ये चित्राचा खरा पत्ता वेगळ्या ठिकाणी दडवून ठेवायचा आणि वाचकाने पान किती सरकवलं यावर जावास्क्रिप्टने नजर ठेवायची. २०१६ मध्ये क्रोममध्ये इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर आला, तेव्हा ती नजर ठेवणं स्वस्त झालं. मग २०१९ मध्ये क्रोम ७६ ने हे काम थेट ब्राउझरच्या अंगावर घेतलं. चित्राच्या टॅगमध्ये लोडिंग इज इक्वल टु लेझी एवढं लिहा, झालं. २०२० मध्ये फायरफॉक्स आणि २०२२ मध्ये सफारीही त्या वाटेने गेले.

आणि इथेच गडबड सुरू झाली. जे करायला दोन दिवस लागायचे तेव्हा माणूस विचार करून करायचा. आता एका शब्दाचं काम, म्हणून सगळीकडे शिंपडायचं. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीत लांबीरुंदी दिलेल्या प्रत्येक चित्राला हा शब्द आपोआप चिकटवला. अगदी सगळ्यात वरच्या, पान उघडताच दिसणाऱ्या मोठ्या चित्रालाही! पुढच्या वर्षी मोजमापं झाली तेव्हा कळलं की अशी पानं उलट उशिरा दिसतायत. मग जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये मजकुरातलं पहिलं चित्र या नियमातून वगळलं, आणि २०२३ च्या ६.३ मध्ये तर मुख्य चित्राला "हे आधी आणा" अशी चिठ्ठी जोडायला सुरुवात केली. तीन वर्षांत पूर्ण उलटी दिशा. वर्डप्रेसवाल्यांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी मोजलं आणि बदललं.

उशीर का होतो? ब्राउझर पान वाचायला घेतो तेव्हा त्याचा एक हेर पुढे धावत असतो. सीएसएस आणि स्क्रिप्ट अजून वाटेत असतानाच तो पुढे काय काय लागणार हे हुडकून मागण्या पाठवून देतो. वरच्या चित्रावर "लेझी" लिहिलं की हेर ते सोडून देतो. कारण ते पडद्यावर येणार की नाही हे मांडणी झाल्याशिवाय ठरत नाही, आणि मांडणी व्हायला सीएसएस यावं लागतं. म्हणजे ज्या चित्रासाठी वाचक आलाय तेच रांगेत मागे. वरणभात "मागितल्यावर वाढू" म्हणणाऱ्या वाढप्याला काय म्हणाल?

हे झालं तांत्रिक. माझी खरी तक्रार पुढची आहे.

हे सगळं तंत्र गृहीत धरतं की वाचक खाली सरकेल तेव्हा नेटवर्क असेल. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यांना हे गृहीतक किती पोकळ आहे ते सांगायला नको. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. पूर्वी स्टेशनात गाडी उभी असताना चार पानं उघडून ठेवली की पुढे निवांत वाचता यायची. आता मजकूर येतो आणि चित्रांच्या जागी राखाडी चौकोन. क्रोम थोडं आधी आणायला सुरुवात करतो हे खरं, पण २०२० मध्ये त्यांनी ते अंतर चांगल्या नेटवर्कसाठी ३००० वरून १२५० पिक्सेलवर आणलं. फोनवर ते जेमतेम दीड पडदा भरतं.

प्रवाशाचं एक वेळ सोडा, तो झोप काढेल. पण ज्याच्या घरी रेंज येत नाही असा मुलगा शाळेजवळ, एसटी स्टँडवर पान उघडतो आणि घरी जाऊन अभ्यास करतो. भूमितीच्या पानावरच्या आकृत्या आळशी असतील तर त्याने घरी नेला तो फक्त "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" एवढा मजकूर. आमच्या वेगाच्या आलेखात हे पान हिरवंगार दिसतं. लाइटहाऊससुद्धा बरीच वर्षं "पडद्याबाहेरची चित्रं पुढे ढकला" असंच सुचवत असे. वाचक हरला तरी गुण वाढतात.

म्हणून माझं मत असं: दुकानाची यादी, लग्नाचा अल्बम, अशा लांबलचक पानांवर लेझी जरूर लावा, तिथे तळापर्यंत कोण जातो! पण जे पान वरून खालपर्यंत वाचायचंच आहे आणि ज्यात पाचसहा चित्रं आहेत, तिथे आळस नकोच. तिथे चित्रं हलकी करा. फोनवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०००×३००० चा असतो. तो ३६० पिक्सेलच्या चौकटीत दाखवायला, तिप्पट घनतेच्या पडद्यावरसुद्धा, १०८० रुंदी पुरते. उलगडल्यावर मूळ फोटो ४८ एमबी मेमरी खातो, छोटा साडेतीन. उशिरा आणलेला जड फोटो हा जडच असतो, हे विसरून लोक त्याला "ऑप्टिमायझेशन" म्हणतात. (रच्याकने, टॅगमध्ये लांबीरुंदी लिहायलाही विसरू नका, नाहीतर चित्र आलं की वाचता वाचता ओळ खाली उडी मारते.)

स्वतःचं पान तपासायचं असेल तर फोनवर उघडा, दहा सेकंद थांबा, विमान मोड चालू करा आणि खाली सरकवत जा. जे राखाडी चौकोन लागतील त्यातल्या कुठल्याशिवाय मजकूर कळत नाही ते बघा, आणि तेवढ्यांचा लेझी काढून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि रविवार अजून बराच बाकी आहे.