दिव्यांचा आरसा : चैन की गरज?

आरशासमोर फार वेळ उभे राहणारे माणूस आपल्याकडे चेष्टेचा विषय होते. त्यातून त्या आरशाला दिवे लावलेले असतील, तर मग विचारायलाच नको! गेल्या पावसाळ्यात माझ्या ताईने असा दिव्यांचा आरसा घ्यायचा विचार घरात बोलून दाखवला, तेव्हा तिची थट्टा करणाऱ्यांत मीच पुढे होतो. "काय ताई, नाटकात काम मिळालं वाटतं?" असे मी म्हणालो. आई हसली. ताई मात्र हसली नाही.

ताईच्या गालावर कोडाचा पांढरा डाग आहे. कोड म्हणजे संसर्गजन्य रोग नव्हे आणि महारोगाशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी नष्ट होतात, एवढाच त्याचा अर्थ. पण हे शास्त्र एसटीत शेजारच्या बाकावरून सरकून बसणाऱ्या बाईंना कोण सांगणार? म्हणून ताई नोकरीवर जाताना त्या डागावर त्वचेच्या रंगाचे क्रीम लावते. आमच्या माजघरातल्या पिवळ्या बल्बखाली तो रंग अगदी बेमालूम जुळलेला दिसे. पण मारुती मंदिरच्या स्टॉपवर उन्हात उभी राहिली, की तोच ठिपका विटकरी होऊन उठून दिसे. एकदा कुणीतरी तिला चारचौघांत म्हणाले, "तोंडाला काय लागलंय, पुसा ते." ही गोष्ट तिने आम्हांला सहा महिन्यांनी सांगितली, आणि तीही माझ्या त्या विनोदानंतर!

खरे तर मला हे आधीच कळायला हवे होते. आपल्या महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी रंगभूषेच्या टेबलापाशी मी दोन वर्षे हरकाम्याचे काम केले आहे. तिथल्या आरशाला दोन्ही बाजूंनी दिवे का असतात, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. डोक्यावर एकच दिवा असला, की डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडतात. मग त्या सावल्यांनाच काळे डाग समजून माणूस रंग थापत सुटतो. दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर सारखा उजेड आला, की एका बाजूची सावली दुसरी बाजू पुसून टाकते. आपल्या रत्नागिरीच्या नमन-खेळ्यांत गवळणी होणारे पुरुष पेट्रोमॅक्सच्या उजेडात हातात लहानसा आरसा धरून रंगत असत, आणि त्यांचा रंग कधी फसत नसे. का? कारण प्रेक्षकही त्यांना त्याच पेट्रोमॅक्सच्या उजेडात पाहणार असत! चेहरा ज्या उजेडात पाहिला जाणार, त्याच उजेडात तो रंगवावा, हे त्यातले साधे तत्त्व आहे. नटाचा चेहरा रंगमंचाच्या दिव्यात दिसतो. माझ्या ताईचा कोकणातल्या उन्हात.

हे एक तत्त्व धरले, की आरसा निवडणे सोपे होते. आम्ही दोघे राम आळीत गेलो, तेव्हा दुकानदार दिवे मोजून दाखवत होता. पण दिवे किती, यापेक्षा ते कसे, हे महत्त्वाचे. उजेडाचा पिवळे-पांढरेपणा केल्विनमध्ये मोजतात. जुना पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा, तर भर दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विनचे. तेव्हा दिवसा बाहेर पडणाऱ्याने ५००० च्या आसपासचा उजेड घ्यावा. दुसरा अंक 'सीआरआय'चा. वस्तूचे रंग कितपत खरे दिसतात, ते हा अंक सांगतो. १०० म्हणजे पैकीच्या पैकी; चेहऱ्यासाठी तो ९० च्या खाली नसावा. खोक्यावर हे अंक नसतील, तर ताईने केले ते करावे. तिने आरशासमोर हातावर क्रीम लावले आणि तसाच हात घेऊन ती दुकानाच्या पायरीवर उन्हात आली. दोन आरसे या परीक्षेत नापास झाले.

आरसा सपाट असावा. दहापट मोठे दाखवणाऱ्या अंतर्गोल आरशात प्रत्येक छिद्र विहिरीएवढे दिसते. जगात कोणीही आपला चेहरा चार बोटांवरून पाहत नाही. मग आपण तरी का पाहावा? शिवाय असा आरसा खिडकीत उघडा राहिला, तर ऊन एका जागी एकवटून पडदा पेटू शकतो. आपल्याकडे विजेचाही भरवसा धरता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. म्हणून चार्ज होणारा आरसा बरा. आणि खाऱ्या, दमट हवेने आरशाची कड काळवंडते, तेव्हा तो न्हाणीघरात टांगू नये.

आता काही मित्र विचारतील, की मुळात डाग झाकायचाच कशाला? समाजापुढे ही शरणागती नव्हे काय? प्रश्न ऐकायला भारदस्त आहे. पण तो ज्याच्या गालावर डाग नाही, त्याने विचारावा हे मला पटत नाही. डाग झाकायचा की उघडा ठेवायचा, हा निर्णय सर्वस्वी ताईचा. हल्ली ती आठवड्यातून एखादा दिवस काहीही न लावता जाते, एखादा दिवस लावून जाते. आरसा तिला काय करावे ते सांगत नाही. बाहेर लोकांना काय दिसणार, ते मात्र खरे सांगतो. पूर्वी तेवढेही तिला ठाऊक नसे. ते लोकांच्या तोंडून कळे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की असा आरसा ही चैन नव्हे. चष्म्याला आपण चैन म्हणतो का? दाढी करताना उजेड कमी पडला, तर आम्ही पुरुष खुशाल दिवा ओढून घेतो. तेव्हा कुणी आम्हांला नट म्हणत नाही. आपल्या लेडीज रूममध्येही दोन्ही बाजूंनी उजेड असलेला एक चांगला आरसा असावा, असे प्राध्यापक मंडळींना सुचवून मी हा लेख संपवतो.

आणि ताई, त्या दिवशीचा तो विनोद मी परत घेतो. तोंडावर सांगायला जमले नाही, म्हणून इथे छापून सांगतो.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला