गाडीमालक म्हणायचं कुणाला?

आमच्या बीड जिल्ह्यात पोरगं विशीबाविशीचं झालं, नोकरीचं कुठं जमंना, वाटण्या होऊन जमीन दोन-तीन एकरांवर आली, की घरात हमखास एक सल्ला येतो. "गाडी घेऊन द्या त्याला. पाच वर्षांत हप्ते फिटले की गाडी आपली. दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यापरीस मालक झालेला काय वाईट?" सल्ला देणारा बहुतेक मामा असतो, नाहीतर गावातला एखादा शहाणा. त्याच्या स्वतःच्या नावावर मात्र गाडी नसते. मला या सल्ल्याशी भांडायचं आहे. गाडीशी माझं भांडण नाही, आणि गाडी चालवणाऱ्याशी तर मुळीच नाही.

आरसी बुकावर नाव लागलं म्हणजे मालकी आली, असं मी मानत नाही. ज्याला आपल्या कामाचा भाव सांगता येतो, निदान भाव पटला नाही तर नाही म्हणता येतं, तो मालक. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सातबारा आपला, पण कापसाचा भाव आपला नाही. मग हीच दशा कर्ज काढून डांबरी रस्त्यावर परत का विकत घ्यायची?

आधी पोरांची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. ज्याच्या आईबापानं उभा जन्म कोयता चालवला, जो स्वतः फडातल्या कोपीत वाढला, त्याला स्टीअरिंग धरावंसं वाटणारच. लग्नाच्या बैठकीत "शेती करतो" म्हटलं की पोरीचा बाप पाणी पिऊन उठतो. "स्वतःची गाडी आहे" म्हटलं की बसून चहा घेतो. आणि या भागाला गाड्यांची गरजही आहे. परळीची बाजू सोडली तर आमच्याकडं रेल्वे नव्हतीच. आष्टीपर्यंत ती २०२२ मध्ये आली आणि बीडला २०२५ मध्ये. कापसाच्या गाठी, कड्याचा कांदा, बालाघाटातली सीताफळं हे सगळं ट्रकनंच बाहेर गेलं आणि अजून जातं. मी स्वतः कांद्याच्या गोण्यांवर बसून पुण्याला गेलेला माणूस आहे. वर आम्ही ताडपत्री पांघरून झोपायचो आणि खाली ड्रायव्हर रात्रभर जागा असायचा. ड्रायव्हरी हे कसबाचं काम आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पण कसब वेगळं आणि कर्ज वेगळं. आता हिशोब बघा. आकडे मी समजायला धरतो, तुम्ही आपल्या गाडीचे घाला.

समजा दहाचाकी गाडीसाठी २५ लाख कर्ज काढलं. व्याज शेकडा १०, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता ५३ हजारांच्या वर जातो. पाच वर्षांत नुसतं व्याज पावणेसात लाखांच्या पुढं. आता ४०० किलोमीटरची खेप धरा, जाऊन-येऊन ८००. भरल्या गाडीला लिटरमागं ४ किलोमीटर धरले तर २०० लिटर डिझेल लागतं. ९० रुपयांनी १८ हजार झाले. टोल, दलाली, हमाली, जेवणखाण आणि रस्त्यातलं देणंघेणं मिळून ७ हजार धरा. दोन्हीकडचं भाडं मिळून ३६ हजार आलं तर खेपेमागं ११ हजार उरले. महिन्यात ७ खेपा झाल्या तर ७७ हजार. हप्ता गेला, राहिले २४ हजार. एक टायर २० हजारांचा म्हटला तर दहा टायरचे दोन लाख, आणि वर्षाला एक जोड घासला तर महिन्याला १७ हजार पडतात. विमा, टॅक्स, फिटनेस, ऑइल, पाटे मिळून महिन्याला ८ हजार धरा. बेरीज २५ हजार. म्हणजे मालकाच्या खिशात हजार रुपये उणे. आणि रात्रंदिवस गाडी चालवल्याचा त्याचा स्वतःचा पगार यात धरलेलाच नाही.

हे सगळं नीट चाललं तर. येताना गाडी रिकामी आली, गोदामावर खाली व्हायला तीन दिवस लागले, दलालानं पोच मिळूनही बाकी दोन महिने अडकवली, तर काय? हप्त्याची तारीख पुढं सरकत नाही.

कुणी म्हणेल, "आबा, पहिले लोक गाड्यांवरच मोठे झाले की." झाले काही. पण तो काळ आणि हा काळ एक नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारनं डिझेलचा भाव मोकळा सोडला. २०१७ च्या जूनपासून तो रोज बदलायची पद्धत आली. भाडं काही रोज बदलत नाही. २०१८ च्या जुलैत दहाचाकीची भारासकट वजनमर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. पोरं खूश झाली, साडेतीन टन जास्त भरता येईल म्हणून. पण गाड्यांतली जागा वाढली म्हणून माल वाढतो का? आवक वाढली की मोंढ्यात भावाचं काय होतं हे आपण जन्मभर बघितलं. भाड्याचंही तेच होतं. मग परवडत नाही म्हणून गाडीवाला आणखी जास्त भरतो. २०१९ च्या सुधारित मोटार कायद्यात जादा भाराला २० हजार आणि वर दर जादा टनाला २ हजार दंड लिहिला आहे. भर म्हणणारा व्यापारी गादीवर बसून राहतो आणि दंड बहुतेक वेळा गाडीवाल्याच्या अंगावर येतो.

आता आमच्या जिल्ह्याचं खास दुखणं सांगतो. इथं कितीतरी गाड्या उसासाठी घेतल्या जातात. कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार गाडीमालक करतो. उचल त्याच्या नावावर निघते. बाँडावर सही त्याची, कोरे चेक त्याचे. तो ती उचल मुकादमाला देतो आणि मुकादम कोयत्यांना वाटतो. म्हणजे गाडीच्या कर्जावर दुसरं कर्ज. टोळी फुटली, मुकादमानं दोन ठिकाणी उचल घेतली, पाऊस लांबला, ऊस कमी निघाला, काहीही झालं तरी कागदावर माणूस एकच, गाडीमालक. आमच्या भावकीतल्या एकाची टोळी निम्म्या हंगामातच फुटली. फडात भरायला माणसं नाहीत, काट्यावर नंबर लागत नाही, आणि पट्टा पडायच्या आधीच गाडी ओढून नेली. तीन एकरांतली दोन एकरं त्यानं विकली. त्याची बायको, जिनं लग्नाआधी कधी कोयता धरला नव्हता, ती पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या टोळीत गेली.

यात टोळीला शिव्या देणारे मला आवडत नाहीत. जी उचल हंगामभर राबूनही फिटत नाही, तिच्यापासून माणूस पळणारच. आपलं माणूस आपल्याच माणसाच्या मागं फिर्यादी घेऊन फिरतं आणि ऊस ज्याला हवा आहे तो या भांडणात कुठंच नसतो. वाहतुकीचा खर्च तो पुन्हा ऊसवाल्या शेतकऱ्याच्या बिलातूनच कापून घेतो. मग जोखीम गाडीवाल्यानं का उचलायची?

उसाचं जमलं नाही की वाळू येते. गोदाकाठच्या माणसाला याचा जास्त खुलासा नको. दिवसा हप्ता बसत नाही म्हणून गाडी रात्री नदीत उतरते. धरली की तहसीलच्या आवारात उभी राहते, गंजते, आणि हप्ता चालूच असतो. सरळ पोरगं गुन्हेगार होतं ते असं.

आणि मुदत किती? पाच वर्षं. आमच्या भागात २०१२ ला दुष्काळ पडला, २०१५ ला पडला, २०१८ ला पडला. दुष्काळात ऊस नाही, कापूस नाही, म्हणून भाडंही नाही. पाच वर्षांत दुष्काळ येणार नाही असं तो सल्ला देणारा मामा लिहून देईल का?

शहरातल्या वाचकांनाही दोन शब्द. २०२४ च्या १ जानेवारीला देशभर ड्रायव्हर गाड्या उभ्या करून बसले. अपघात करून पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या कलमाविरुद्ध. तुमच्या पंपांवर रांगा लागल्या तेव्हा हा माणूस तुम्हाला दिसला. ते कलम लगेच लागू करणार नाही असं सरकार म्हणालं आणि गाड्या सुटल्या. भाड्याचा प्रश्न होता तिथंच राहिला. तुमच्या दारात स्वस्तात येणाऱ्या मालाच्या भावातून कुणाचा तरी पगार वजा झालेला असतो.

मग गाडी घेऊच नये का? तसं मी म्हणत नाही. ज्यानं दोन-तीन वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, ज्याला इंजिनाचा आवाज आणि दलालाची जीभ दोन्ही ओळखता येतात, त्यानं घ्यावी. निम्मे पैसे तरी स्वतःचे असावेत, मग गाडी जुनी का असेना. वर्षभराचं बांधलेलं काम हातात असावं, तेही कागदावर. सहा हप्त्यांचे पैसे बाजूला असावेत. सातबाऱ्यावर बोजा चढवू नये, आणि मुकादमाची उचल आपल्या सहीनं काढू नये. यातलं एक जरी जमत नसेल तर दुसऱ्याच्या गाडीवर पगारानं जावं. पगारी ड्रायव्हर महिन्याच्या शेवटी काही तरी घरी आणतो, आणि गाडी बंद पडली तर त्याची झोप उडत नाही.

ज्यांना पोरांना खरोखर मालक करायचं आहे त्यांनी गाडीच्या पूजेला नारळ फोडायला येऊ नये. त्यांनी कारखान्यांना सांगावं की उचल थेट मजुराच्या खात्यावर द्या आणि तिची जबाबदारी घ्या. पोच मिळाल्यावर पंधरा दिवसांत भाडं चुकतं करायचा नियम करावा. डिझेल वाढलं की भाडं वाढेल असं करारात लिहून घ्यावं. हे होईपर्यंत कुणी "पोरगं मालक झालं" म्हणून पेढे वाटले, तर मी पेढा घेईन, पण आधी हप्ता किती आणि भाडं कोण ठरवतं हे विचारीन.