भोंगा वाजल्यावर जायचं कुठे?

७ मे २०२५ च्या पहाटे भारतीय सैन्यदलांनी पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर मारा केला. त्याच दिवशी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव ठरला होता, आणि तो पार पडला. भोंगे वाजले, काही भागांत दिवे मालवले गेले, जखमींना स्ट्रेचरवरून नेण्याचं प्रात्यक्षिक झालं. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा असा सराव १९७१ नंतर पहिल्यांदाच होत होता. त्याचा आदेश निघाला ५ मे रोजी, म्हणजे तयारीला जेमतेम दोन दिवस. चौपन्न वर्षं जे केलं नाही ते दोन दिवसांत उरकायचं, ही आपली पद्धत मला अस्वस्थ करते.

त्याच दिवशी पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचे गोळे पडत होते. दहाहून अधिक नागरिक मेले, त्यांत मुलंही होती. जम्मू विभागातल्या सीमाभागासाठी केंद्र सरकारने २०१७-१८ मध्ये १४ हजारांवर बंकर मंजूर केले होते. सीमेलगतच्या गावांत ते बांधले गेले आणि तिथल्या लोकांच्या उपयोगीही पडले. पण पूंछ शहरात लोकांनी आसरा घ्यावा असे सार्वजनिक बंकर नव्हते. शहर तोफांच्या टप्प्यात आहे हे कुणाला माहीत नव्हतं का? नकाशा पाहणाऱ्या कुणालाही ते दिसतं. तरी गोळे पडेपर्यंत तो प्रश्न कुणाच्या टेबलावर आला नाही.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. वृत्तवाहिन्यांनी बातम्यांच्या पार्श्वसंगीतात हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज लावला. तासन्‌तास तो घराघरांत घुमत राहिला, आणि नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाला १० मे रोजी सांगावं लागलं की हा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, लोकांना त्याची सवय झाली तर खरा भोंगा ते ओळखणार नाहीत. भोंग्याचा अर्थ एकच: आता घराबाहेर थांबू नका. वाहिन्यांनी त्याचं करमणुकीचं साधन केलं, आणि या बेजबाबदारपणाबद्दल कुणाला साधी शिक्षा झाल्याचंही माझ्या वाचनात नाही.

देश युद्धाला तयार आहे का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा विमानांच्या तुकड्या, क्षेपणास्त्रं आणि तोफा यांच्याभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. पण सैन्य लढत असताना मागे जिल्हा कोण चालवणार, पाणी, वीज, दूध, औषधं, रुग्णवाहिका यांचं काय, हा हिशेब कुणी मागत नाही. या सदरात मी प्रशासनाबद्दल लिहीत आलो आहे, आणि माझं मत असं आहे की आपलं खरं दुबळेपण इथे, सीमेच्या अलीकडे आहे.

त्याचा सगळ्यात लख्ख पुरावा युद्धातला नाही, करोनातला आहे. एप्रिल २०२१ मध्ये माणसं ऑक्सिजनवाचून मरत होती, तेव्हा देशात ऑक्सिजन तयार होत होता. त्याचा मोठा वाटा तयार होत होता पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत, राउरकेला, जमशेदपूर, विशाखापट्टणमला. रुग्ण होते मुंबई, नाशिक, नागपूर, दिल्लीत. उणे १८३ अंशांखाली द्रवरूप ठेवलेला हा वायू वाहून नेणारे टँकर अपुरे होते, आणि रस्त्याने तीन-तीन दिवस लागत होते. मग टँकर मालगाडीवर चढवण्याची कल्पना निघाली. पण टँकर वाघिणीवर चढला की त्याची उंची किती होते? वरचे पूल, बोगदे, विजेच्या तारा यांखालून तो जातो का? ही मोजमापं १८ एप्रिलला बोईसरला, प्रत्यक्ष टँकर वाघिणीवर चढवून घेतली गेली. दुसऱ्या दिवशी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन गाडी निघाली. घाटातल्या बोगद्यांची अडचण म्हणून ती वसई, सूरत, जळगाव, नागपूर असा वळसा घेऊन विशाखापट्टणमला गेली आणि भरलेले टँकर २३-२४ एप्रिलला नागपूर-नाशिकला पोचले. दरम्यान २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले होते.

रेल्वेच्या माणसांनी त्या आठवड्यात जे केलं त्याला माझा सलाम आहे. पण ती उंची २०१९ मध्येही तेवढीच होती. बोगदे तेच, टँकर तेच. शांततेच्या एखाद्या दुपारी दोन खात्यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून हे मोजून ठेवलं असतं, तर ती गाडी काही दिवस आधी सुटली असती. सज्जता म्हणजे बहुतांशी असली कंटाळवाणी कामं असतात, ज्यांचं उद्घाटन होत नाही आणि ज्यांवर कुणाचा फोटो छापला जात नाही.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता मिळून ५३ लाख टन, म्हणजे साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचे साठे धरले की सरकारी हिशेबाने एकूण ७४ दिवसांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्य देशांकडून ९० दिवसांच्या आयातीइतका साठा मागते.

फिनलंडचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तो पंचावन्न-छप्पन लाखांचा श्रीमंत देश, आपल्याशी त्याची काय तुलना? तिथे पन्नास हजारांवर निवारे आहेत आणि त्यांत ४८ लाख माणसं मावतात. मोठी इमारत बांधायची तर निवारा बांधणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तसं आपल्याला परवडणार नाही, मान्य. पण तिथल्या सरकारने लोकांना सांगून ठेवलंय की पहिले ७२ तास कुणी मदतीला येणार नाही असं समजून पाणी, अन्न, औषधं, बॅटरीवरचा रेडिओ घरात ठेवा. हे सांगायला किती पैसे लागतात?

आपल्याकडे तर पायाही आहे. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा, आपत्ती व्यवस्थापनाचा २००५ चा. दुसऱ्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा सक्तीचा केला. होमगार्डची सुरुवातच १९४६ मध्ये मुंबई प्रांतात झाली. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय प्रशिक्षण १९५७ पासून नागपुरात चालत आलंय. ७ मेच्या सरावाच्या यादीत महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं होती. बंदराचं उरण, अणुवीज केंद्राचं तारापूर, इंधनाचे डेपो असलेलं मनमाड, आयुध निर्माणीचं भुसावळ ही त्यांतलीच. या गावांत राहणाऱ्या किती जणांना आपण अशा यादीत आहोत हे ठाऊक आहे? जिल्ह्यांचे आराखडे काढून पाहा, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. तेव्हापासून पुण्या-ठाण्याच्या भोवती अख्खी शहरं उभी राहिली आहेत.

मला हवं ते फार मोठं नाही. या सोळा ठिकाणी दरवर्षी ठरलेल्या तारखेला, आधी जाहीर करून सराव व्हावा, आणि त्यात काय फसलं ते महिनाभरात लोकांसमोर ठेवावं. सोसायटीचे सचिव, पोलीस पाटील, रेशन दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक यांच्या हाती एक पानाचा मराठी कागद असावा: भोंगा वाजला तर माणसं कुठे न्यायची, वीज गेली तर डायलिसिसचे रुग्ण कुठल्या रुग्णालयात पाठवायचे, पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोत कोणता. सरावात फसलेलं लपवणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा ते लिहून ठेवणाऱ्याला बढती मिळावी.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं. तिथे उरण, मनमाड आणि भुसावळच्या परिसरातल्या आमदारांनी तारांकित प्रश्न विचारावा: आमच्या भागातले किती भोंगे आज चालू आहेत, ते वाजवायचा अधिकार कुणाला आहे, आणि तो माणूस रजेवर असेल तर कुणाला?