टेपा कोणी पाठवल्या?

मिखाएल हानेके यांचा ‘काशे’ (2005) हा फ्रेंच चित्रपट आम्ही बेलापूरला, प्रवरेकाठच्या एका जुन्या वाड्यात, भिंतीवर चादर लावून पाहिला. दोन तासांनी दिवे लागले आणि अपेक्षित प्रश्न आला : ‘पण मग त्या टेपा पाठवल्या कोणी?’ पाठोपाठ अभिप्राय : ‘फार संथ आहे बुवा.’ अशा चित्रपटांवर मराठीत जे लिहिले जाते त्यातही बहुधा हीच दोन वाक्ये जरा जड शब्दांत असतात. आमचे भांडण या दोन्हींशी आहे.

संथ म्हणजे काय? आरंभी पॅरिसमधल्या एका घराचा दर्शनी भाग नुसता दिसत राहतो. आपण कंटाळू लागतो तोच पडद्यावर आडव्या रेघा उमटतात, चित्र भराभर पळू लागते, आणि कळते की आपण पाहत होतो ती कोणीतरी चोरून घेतलेली चित्रफीत. त्या घरावर आपणही पाळत ठेवून होतो. हे झटपट उरकले असते तर प्रेक्षक नामानिराळा राहिला असता. पार्श्वसंगीत तर नाहीच, त्यामुळे कुठे दचकायचे हे सांगायलाही कोणी नाही.

ज्याच्या दारात या टेपा येतात तो जॉर्ज दूरचित्रवाणीवर पुस्तकांच्या चर्चेचा कार्यक्रम करतो. (म्हणजे आमच्याच जातकुळीचा.) सहा वर्षांचा असताना त्याने माजिद या अल्जीरियन मुलाविषयी खोटे सांगून त्याला घराबाहेर काढायला लावले होते. माजिदचे आईबाप जॉर्जच्या घरी शेतावर कामाला होते. 17 ऑक्टोबर 1961 रोजी ते पॅरिसच्या मोर्चाला गेले, ते परतलेच नाहीत. त्या रात्री पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांची कत्तल केली, कित्येकांना सीन नदीत फेकले. सरकारने तेव्हा मृतांचा आकडा जेमतेम 3 सांगितला. अनेक इतिहासकार तो शंभरावर नेतात. ही तारीख गाळून जो ‘काशे’वर लिहितो त्याने तो पाहिला, असे आम्ही मानत नाही.

रहस्यपट म्हटला की उकल हवीच, असे कोणी म्हणेल. उकल आहे. गुन्हेगारही सापडतो, फक्त गुन्हा वेगळा निघतो. माजिद त्याच्यासमोर गळा चिरून घेतो. त्यानंतर जॉर्ज काय करतो? सिनेमा पाहून घरी येतो, झोपेच्या गोळ्या घेतो, पडदे ओढून घेतो.

‘कोणी केले’ हा आग्रह आपण पडद्यापुरताच धरतो. आमच्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे, 28 एप्रिल 2014 रोजी एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो हा संशय, असे कारण बातम्यांत आले होते. पुढे साक्षीदारामागून साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मग त्या मुलाला मारले कोणी?

हा प्रश्न आम्ही त्या रात्री वाड्यात मोठ्याने विचारला. टेपांवरून तावातावाने बोलणारी मंडळी थोडा वेळ गप्प राहिली. मग चहा आला, आणि बोलणे उसाच्या बिलावर गेले.